अठ्ठावीस मिलिमीटरचा गोलंदाज

भिवंडी
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

प्रिय आल्हाद,

झाल्या एकदाच्या! सहा तोफा आणि चोवीस गोलंदाज. अडीच वर्षं गेली. माधवी म्हणते, एवढ्या वेळात लोक घर बांधून वास्तुशांतही उरकतात. म्हणू दे. चित्रकलेच्या मास्तराने निवृत्तीनंतर करायचं तरी काय?

तू मागच्या पत्रात विचारलंस की एकच गोलंदाज करून रबराच्या साच्यातून बाकीचे का ओतत नाहीस. ऐक, आणि या वेळी नीट वाच. माझा प्रत्येक सैनिक तळपायापासून डोळ्यापर्यंत बरोबर अठ्ठावीस मिलिमीटर असतो. डोक्यापर्यंत मोजायचं नाही, कारण नेपोलियनच्या तोफखान्यातली ही मंडळी उंच टोप्या घालायची आणि टोपीखाली टाळू कुठे संपते ते कुणी बघितलंय? व्हर्नियर कॅलिपर लावतो, केसभर जास्त भरला तर तळवे घासतो. त्या मापात बारा पौंडी तोफेचं चाक येतं सव्वीस, म्हणजे माणसाच्या हनुवटीला. बाजारात मिळतात त्यांची चाकं बघ, गुडघ्याला लागतात! आता साच्यातून ओतलेली नक्कल सुकताना आकसते. अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून जास्त. नकलेची नक्कल काढलीस तर आणखी. डोळ्याला कळत नाही, कॅलिपरला लगेच कळतं. माझ्या तोफेशेजारी खुजा माणूस उभा राहणार नाही. म्हणून चोवीसच्या चोवीस तारेवर पुट्टी चढवून हाताने केलेत.

पेटी पाठवतोय. चव्वेचाळीस वर्षं आपण लढाया पत्रांतून लढतोय, चाल कागदावर आली तरच खरी. दोन्ही सैन्यं एका टेबलावर कधी उभी राहिलीच नाहीत. तुमच्या बडोद्याच्या मंडळाच्या प्रदर्शनात एकदाची राहू देत.

एक मात्र सांगतो. तिसऱ्या तोफेचा सुंबेवाला जपून ठेव. सुंबा म्हणजे नळी पुसायचा आणि बार ठासायचा लांब दांडा, तो ज्याच्या हातात आहे तो. तो आमचा विठू आहे. आमच्या घरामागच्या लूमवर होता, डाव्या हाताची तर्जनी लूमनेच नेलेली. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी टेबल थरथरत नाही, म्हणून मी सैनिकांचे डोळे शुक्रवारीच रंगवतो. विठूही शुक्रवारीच मोकळा. कपडे वाळत घालायची काठी घेऊन माझ्यासमोर तास तासभर उभा राहायचा. "मास्तर, ही फ्रेंच मान्सं एवढं घालून घामानी भिजत न्हवती का?" असं विचारायचा. दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. चेहरा तेवढा झाला होता, बाकी आठवणीने पुरा केला. बोट कापलेलंच ठेवलंय.

त्याच्या बायकोकडे, आनंदीबाईंकडे, त्याचा फोटो म्हणून आधार कार्डावरचा काय तो आहे. हा विठू मी त्यांना द्यायचा कबूल केलाय. पितृपंधरवड्याच्या आत तो वज्रेश्वरीला, त्यांच्या गावी, पोचला पाहिजे. तोवर तुझ्याकडे पाहुणा.

माझी चाल, आपल्या भिवंडीच्या नकाशावर: कोन गावच्या उतारावरची तिसरी तोफ दोनशे पावलं पुढे. रोख कामवारी नदीच्या पुलावर. सांभाळ!

तुझा
सुधीरदादा

*

बडोदा
१० मार्च २०२५

दादा, नमस्कार.

तोडलंस! दुसरा शब्द नाही. पेटी उघडली आणि आमचं सगळं घर टेबलाभोवती गोळा झालं. तो निळा रंग, त्या लाल कडा, पितळी नळ्या! प्रदर्शनात आपल्या टेबलाभोवती इतकी गर्दी की मंडळाला दोरी बांधावी लागली. मुंबईहून, बंगळुरूहून लोक आले होते. बंगळुरूचे एक गृहस्थ तर भिंग घेऊन अर्धा तास बसले. अशा खेळांचे संच काढणारी त्यांची कंपनी आहे म्हणे. त्यांनी खूप प्रश्न विचारले, मी जमेल तशी उत्तरं दिली.

तुझ्या शाळेच्या शिपायाचं सगळ्यांना भारी कौतुक. तोच तो, काठीवाला. त्याच्या कापलेल्या बोटाला लोक काय काय म्हणाले! युद्धाचं वास्तव वगैरे.

पेटी मेपर्यंत राहू दे ना माझ्याकडे. मंडळाला फोटो काढायचेत. घाई नाही ना?

माझी चाल: पुलावरची पलटण ऊस आहे त्या शेतात शिरते. आता मार गोळे!

तुझा
आल्हाद

*

भिवंडी
शुक्रवार, ४ एप्रिल २०२५

प्रिय आल्हाद,

अरे, विठू शाळेचा शिपाई नव्हता. लूमवर होता, लिहिलं होतं तुला. लहानपणापासून तुझं असंच. मावशी चिठ्ठी देऊन तुला वाण्याकडे पाठवायची आणि तू गूळ सोडून बाकी सगळं आणायचास.

पण पत्र वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! दोनदा माधवीला वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तर ती भाजी आणायला गेली. माझ्या हातचं काम कधी चार लोकांनी बघितलंच नव्हतं रे. शाळेत तीस वर्षं घडे आणि केळी काढून घेतली पोरांकडून. बंगळुरूचा माणूस भिंग लावून बसला हे ऐकून मी इथे बसल्या जागी शिवाजी पार्क फिरून आलो. त्यांना माझं नाव सांगितलंस ना? कळवायचा आळस करू नकोस, काय म्हणाले ते लिही.

मेपर्यंत ठेव. मात्र मे म्हणजे मे. परवा आनंदीबाई बाजाराला आल्या होत्या, दारात उभं राहूनच विचारलं, "आमचा मानूस कधी येतोय गावावरनं?"

माझी चाल: ऊस पेटवतो. तू मागितलंस म्हणून.

सुधीरदादा

*

बडोदा
१२ मे २०२५

दादा,

पेटी पोचली ना? मी २ तारखेला कुरिअरने रवाना केली. कापसात गुंडाळून, वर दोन खोकी. तुझं पत्र नाही म्हणून काळजी वाटली आणि चौकशी केली, तर ते म्हणतात पार्सल भिवंडीच्या गोदामात उतरलंय, पुढचं दिसत नाही. पावतीही सापडत नाही, काय वेंधळा आहे मी! पूर्णा की कुठल्याशा गावात मोठी गोदामं आहेत म्हणे. तुझ्या घराजवळच ना ते?

मला झोप नाही दादा. तुला कुठल्या तोंडाने सांगू असं झालंय. तुझी अडीच वर्षं!

चाल सुचत नाही. या खेपेला सोडून देतो.

आल्हाद

*

भिवंडी
शुक्रवार, २० जून २०२५

प्रिय आल्हाद,

आधी तू झोप. तुझा काय दोष त्यात? तू पाठवलीस, त्यांनी हरवली. स्वतःला खायला उठू नकोस.

पूर्ण्याला सात खेपा झाल्या. अरे, काय गोदामं आहेत! एकेकात आपली शाळा मैदानासकट मावेल. गेटवरचा पहारेकरी म्हणतो, "चाचा, नंबर बताओ." नंबर कुठला? पावती नाही. मग मी त्याला हाताने दाखवतो, इतके इतके सैनिक, निळे डगले, तोफा. तो दुसऱ्याला बोलावतो, तो तिसऱ्याला. तिघं मिळून हसतात. एकाने विचारलं, "नातवाची खेळणी आहेत का?" मी हो म्हणालो. काय सांगत बसणार?

विठूची मुलगी मेघाली तिथल्याच एका गोदामात कामाला आहे. वज्रेश्वरीहून बसने येते, खोकी तपासते, चिकटपट्टी मारते. तिच्या बापाला मी घडवत होतो तेव्हा ती माझ्या टेबलाशी बसलेली असायची. ती म्हणाली, "सर, माझ्या शिफ्टला फाटकं खोकं आलं की मी आत बघते. असंल तर गावंल." आनंदीबाईंना सांगायची माझी हिंमत झाली नाही. मेघालीनेच सांगितलं. त्या नुसत्या मान हलवून भाकरी थापायला बसल्या म्हणे. मला त्याचं जास्त लागलं.

दुसरा विठू करून देऊ का, असा विचार केला. तार वाकवली, पुट्टी मळली. चेहरा येत नाही रे. तो माणूस समोर उभा होता तेव्हा आला होता.

तुझी चाल राहिली आहे. सोडून देतो म्हणायचं नाही, तो नियम नाही. जे गेलं ते गेलं, आपण दोघं तर आहोत.

सुधीरदादा

*

वज्रेश्वरी
१० ऑगस्ट २०२५, रविवार

कर्णिक सरांना मेघालीचा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही आणि गोदामात मोबाईल नेऊ देत नाहीत म्हणून फोटो काढता आला न्हाय, म्हणून चिठ्ठी लिहून भिवंडीला निघालेल्या कुमारकाकांकडे देते.

शनिवारी एक खोकं फाटून आलं, आतले डबे बाहेर सांडलेले. ते परत भरायचं काम माझ्याकडे. डब्यावर तोफेचं चित्र. म्हणून एका फुटक्या डब्यात बघितलं. सर, आत बाबा हाय. एक न्हाय, त्या खोक्यात चाळीस डबे होते आणि प्रत्येक डब्यात एक एक बाबा असणार. राखाडी रंगाचे, रंगवलेले न्हाय. रंग आपण द्यायचा असं डब्यावर लिहिलंय. बोट तुटलेलं हाय. उभं राहणं तेच. मी तिथंच खाली बसले. सुपरवायझरला वाटलं चक्कर आली.

डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, मी तळहातावर उतरवून आणलं: मूळ शिल्पकार आल्हाद गुप्ते, बडोदा.

हे तुमचे मावसभाऊच ना? मग तुमचं नाव का न्हाय? आणि पेटी हरवली होती ना सर?

आईला सांगितलेलं न्हाय. तुम्ही सांगा काय करू.

मेघाली

*

भिवंडी
१४ ऑगस्ट २०२५

आल्हाद,

माधवीने तुझा डबा मागवला. आज आला. माझ्या टेबलावर आहे.

मूळ शिल्पकार आल्हाद गुप्ते.

तुला साधी पेन्सिल धड तासता येत नव्हती. माझ्या वहीतला हत्ती आपल्या वहीत चिकटवून बाईंना दाखवलास तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, मी हसलो होतो. आता एकसष्ट वर्षांचा आहेस.

मी सात वेळा पूर्ण्याला गेलो. उन्हातून गेलो, चिखलातून गेलो. पहारेकऱ्यांसमोर हातवारे करून दाखवत होतो आणि पेटी तुझ्या घरात होती. मी तुला लिहिलं, झोप. तू ते पत्र वाचलंस! वाचून काय केलंस रे? हसलास का? घडी घालून ठेवलंस?

दुसऱ्या कुणी केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. माझं नाव हवं होतं तर मागायचं होतंस. दिलं असतं. तुला मी काय दिलं नाही?

मला काहीही समजावून सांगू नकोस. विठू परत पाठव. बाकीचे तेवीस तुझ्याकडे ठेव, तोफा ठेव, नाव ठेव. विठू आनंदीबाईंचा आहे. ७ सप्टेंबरला पंधरवडा लागतो.

सुधीर

*

बडोदा
१ सप्टेंबर २०२५

दादा,

चौदा दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. जे बोललास ते कमीच आहे.

समजावू नकोस म्हणालास तरी एवढं ऐक. प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी एका पोरीने विचारलं, "काका, हे कुणी केलं?" सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, मी. एवढंच. पुढच्या क्षणी दुरुस्त करणार होतो. पण टाळ्या वाजल्या रे! मला आयुष्यात कधी टाळ्या पडल्या नाहीत. नोकरीत नाही, घरात नाही. तुझ्याबरोबरच्या लढायासुद्धा मी हरतच आलो. मग ते कंपनीवाले गृहस्थ आले, मग मंडळाने सत्कार ठरवला, आणि मागे फिरायची वाट एकेक पावलाने बंद होत गेली. पेटी हरवल्याचं लिहिलं त्या दिवशी मला ताप होता, खरंच.

तुझा विठू सोबत पाठवतोय. मूळ. तुझ्या हातचा, तू रंगवलेला, अगदी तसाच. कंपनीकडून भांडून परत आणलाय. आईची शपथ घेऊन सांगतो. आनंदीबाईंना माझा नमस्कार सांग.

आता एक मागतो. मंडळाला, कंपनीला काही कळवू नकोस. इथे आता सगळे मला त्याच नावाने ओळखतात. घरची मुलंसुद्धा.

माझी चाल: सगळी पलटण शस्त्रं खाली ठेवते. लढाई तू जिंकलास, दादा.

आल्हाद

*

भिवंडी
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

आल्हाद,

तुझं पार्सल आलं तेव्हा खोटं कशाला सांगू, रडलो. विठूला हातात धरून खिडकीशी बसलो. तुझी त्या टाळ्यांची गोष्ट वाचली आणि वाईट वाटलं. वाटलं, हा आपला धाकटा भाऊ, याला आपण नुसतंच हरवत आलो. तुला माफ केल्याचं पत्रसुद्धा लिहिलं. दोन पानी. अजून खणात आहे.

गेल्या शुक्रवारी लूम बंद होते. म्हटलं, देण्याआधी डोळ्यांवरून एकदा ब्रश फिरवावा. माझ्या हाताला खोड आहे, सैनिक उचलला की आधी कॅलिपर. तळव्यापासून डोळ्यापर्यंत सत्तावीस पूर्णांक दोन.

पुन्हा लावला. सत्तावीस पूर्णांक दोन. माधवीला बोलावून तिच्याकडून वाचून घेतलं. मग तुझ्या डब्यातला राखाडी विठू शेजारी ठेवून मोजला. सत्तावीस पूर्णांक दोन.

आकसण्याबद्दल जानेवारीत तुला सगळं लिहिलं होतं. नीट वाच असंही लिहिलं होतं. तू माझ्या पत्रातली फक्त चाल वाचायचास, हे मला चव्वेचाळीस वर्षांनी कळलं.

रंग चांगला दिलाय. फोटो समोर ठेवून कुणीतरी मेहनत घेतली आहे, आणि ते कुणीतरी तू नाहीस. माझा विठू पुट्टीचा होता, पोटात तार. साचा काढताना दाबाखाली मोडला असणार, दुसरं काय. तेवढंच लिहायचं होतंस. "दादा, विठू मोडला." मी तुकडे मागवून घेतले असते आणि जोडले असते. तुझ्या पहिल्या खोटेपणात टाळ्या होत्या, तो मी समजू शकतो. पण सगळं उघडं पडल्यावर, मी एकच गोष्ट मागितली असताना, मावशीची शपथ घेऊन तू मला पुन्हा फसवलंस. टाळ्यांच्या गोष्टीने मला रडवलंस आणि त्याच पार्सलात खोटा विठू घातलास.

घाबरू नकोस. कुणाला काही कळवणार नाही. तुझ्यासाठी नव्हे. कुणी विचारलं तर मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल, आणि माझ्यात आता तेवढी ताकद नाही.

माझी शेवटची चाल. मागे हटणारी फौज तोफा शत्रूच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांच्या कानात, जिथे बत्ती देतात तिथे, खिळे ठोकून जायची. माझ्या सहाही तोफांच्या कानात खिळे. लढाई संपली, जिंकलं कुणी नाही. नकाशा मी फाडलेला नाही, पण तुझी पत्रं आता या घरात उघडली जाणार नाहीत.

आता शेवटचं सांगतो, ते तुला माहीत असायला हवं.

रविवारी वज्रेश्वरीला गेलो. विठूची तिथी होती. काय करावं ते बसमध्ये शेवटपर्यंत ठरेना. खरं सांगितलं तर त्या बाईच्या हातात काय ठेवायचं? दारात मेघाली उभी होती. तिने माझा चेहरा बघितला आणि ओळखलं, तरी बाजूला होऊन मला आत घेतलं. आनंदीबाईंनी पाटावर तांदूळ मांडले होते, मधे जागा रिकामी ठेवलेली. मी विठू त्यांच्या हातात दिला. पदराने त्याला पुसला, वळवून वळवून बघितला. कापलेल्या बोटावरून अंगठा फिरवला. "असाच उभा ऱ्हायचा," म्हणाल्या.

मग त्याला तळहातावर उभा करून डोळ्यासमोर धरला, बराच वेळ. मी घडवत असताना त्यांनी त्याला हातात घेतलं होतं, दोनतीनदा तरी. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, जरासा बारीक झाल्यावानी दिसतोय न्हाय?"

कॅलिपर नाही, भिंग नाही. पाऊण मिलिमीटर, आल्हाद!

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "नाही हो, आहे तेवढाच आहे."

त्या हसल्या. "मग परगावी नीट खायला मिळालं नसंल," म्हणाल्या, आणि त्याला तांदळावर ठेवून पान वाढायला उठल्या.

सुधीर